पांढऱ्या मातीचा तळ

"जनाब, हमारे कुएँ का पानी भाग गया. कहाँ गया होगा?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि महानंदाच्या मागं झुबेदानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. राजम्मा तर सरळ खांबाआडच गेली. पैज त्या दोघींनीच लावली होती. मॅट्रिकचा निकाल घ्यायला तिघी शाळेत गेल्या, तर व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं, टेबलावर नाना रंगांचे धोंडे, आणि धोंड्यांमागं हैदराबादहून दौऱ्यावर आलेले कादरी नावाचे उंच, वाळकुडे प्रोफेसर. अर्ज़ियात म्हणजे जमिनीच्या पोटातली विद्या, असं ते मुलींना समजावत होते. "तुमच्या पळालेल्या पाण्याचं इचार की ह्यांना," राजम्मा कानात कुजबुजली होती. "इचारलीस तर चौबाऱ्याच्या मनोऱ्यापासून तुझ्या घरापर्यंत आमी दोघी छत्री धरून चालतो तुझ्यावर, बेगमेवानी."

प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पानी कितने हात पर लगा था? और नीचे मिट्टी कौनसे रंग की थी?"

हिशेबात महानंदा वर्गात पहिली होती, पण विहिरीचं पाणी पळालं एवढंच तिला ठाऊक होतं. माती कोणत्या रंगाची होती हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"तो पूछ के आओ, बेटी," प्रोफेसर म्हणाले. "पानी भागता नहीं. नीचे का फ़र्श टूटता है, तो उतर जाता है."

छत्रीची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. झुबेदा आणि राजम्मा आळीपाळीनं छत्री धरत होत्या, किराणावाला हात जोडून वाकत होता, आणि बेगम मात्र वर बघत नव्हती, खाली बघत नव्हती. फरशी. पाण्याला फरशी लागते. सोळा वर्षांत तिला ही एवढी गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

कारण घरात ती विहिरीची गोष्ट नव्हतीच. ती अव्वाची गोष्ट होती.

*

अव्वा, म्हणजे महानंदाची आई चंद्रम्मा, सतरा वर्षांपूर्वी गाणगापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून लग्न होऊन बीदरला आली. त्याच आठवड्यात मळ्यातली विहीर कोरडी पडली. सून उंबऱ्याच्या आत आली आणि पाणी विहिरीच्या बाहेर गेलं, असं शरणम्मा आत्या तेव्हा म्हणाली, आणि पुढं सतरा वर्षं तेच वाक्य कधी हसत, कधी न हसत घरात वावरत राहिलं. कोणी चंद्रम्माला छळलं असं नाही. जेवायला वाढलं, लुगडी घेतली, पोरीला शाळेत घातलं. फक्त तिनं विहिरीत डोकावायचं नाही असा नेम पडला. पाणी कोणी तरी आणून द्यायचं, ती रांधायची. नेम इतका जुना झाला होता की चंद्रम्मा गावातल्या परक्या आडावरूनही तोंड फिरवून जायची.

महानंदाला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, जसं अप्पाच्या पायाला सहावं बोट आहे हे माहीत होतं. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी सगळे मळ्यात जमले. जुन्या विहिरीपासून तीस पावलांवर नवी विहीर चालू होती आणि आदल्या दिवशी अठरा हातांवर ओल लागली होती. सकाळपर्यंत पाणी घोट्याएवढं झालं. अज्जा, म्हणजे आजोबा मडिवाळप्पा, आनंदानं इतका हुरळून गेला की त्यानं औरादहून शरणम्माला बोलावून घेतलं, चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, चढवली आणि शेजारच्या मळ्यातल्यांनाही आवतण धाडलं. महायुद्धामुळं गूळ मिळत नव्हता. तरी अज्जानं कुठून तरी ढेप पैदा केली होती, आणि कुठून ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

लिंबाखालच्या सावलीत सतरंजी पडली. तिच्यावर सिद्धप्पा काकांनी आपली कातड्याची पिशवी उघडली आणि एक छापील कागद बाहेर काढला.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी हैदराबादला जायलोय," काका म्हणाले. ते कचेरीत कारकून होते आणि कागद हातात आला की त्यांचा आवाज आपोआप भारदस्त व्हायचा. "विद्यापीठाचा फॉर्म हाय. समदं भरलंय. मजमुनाची, म्हंजी इषयाची, जागा तेवढी रिकामी ऱ्हायलीय."

"त्यात काय एवढं," अप्पा, म्हणजे वीरण्णा, म्हणाला. "तारीख लिव, म्हंजी इतिहास. बादशहांच्या गोष्टी पाठ करायच्या. चार सालात उस्तानी व्हईल, पोरींना शिकवंल. शाळा घराजवळ, दुपारी जेवायला घरी."

"दादा, हुशार पोरीला बादशहांच्या मागं लावायलास? डॉक्टरीण करू की. जनान्या दवाखान्यात डॉक्टरणीच न्हाईत."

"रगत बघून चक्कर येती तिला."

"कवा आली?"

"तुझ्या अंगठ्याला विळा लागला तवा."

"तवा तुला आली व्हती, दादा. ती चिंधी शोधायलती!"

शरणम्मा आत्या पानाला चुना लावत बसली होती. "लगीन कोणत्या रकान्यात लिवतेत त्या कागदात?" तिनं विचारलं, आणि सगळे हसले. महानंदाही हसली, पण तिच्या लक्षात आलं की कागदावर नाव तिचं आहे आणि तिला काय वाटतं हे अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होती ती? प्रोफेसर भेटेपर्यंत तिला इतिहास चालला असता. डॉक्टरीणही चालली असती. चालण्यासारख्या गोष्टींचा तिला आता एकाएकी कंटाळा आला.

"काका," ती म्हणाली, "अर्ज़ियात शिकायचं आसंल तर?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते धोंड्याचं? मुलींच्या कॉलेजात त्याचा वर्गच न्हाई म्हणतेत. पोरांच्यात बसावं लागंल."

"मग ते ऱ्हाऊ दे," वीरण्णा म्हणाला, आणि तो विषय तिथं मिटला. म्हणजे त्याला तसं वाटलं.

*

विहिरीच्या काठावर नागूबाई बसली होती. तिचे दोन मुलगे खाली खणत होते आणि ती वर येणाऱ्या पाट्या बघत होती. रिकामी करणारे दुसरे होते. ती फक्त बघायची. प्रत्येक पाटीतून चिमूटभर माती घ्यायची, बोटांत चोळायची, कधी जिभेला लावायची. वय पन्नाशीच्या पुढं, अंगावर हिरवं लुगडं, आणि गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ, जणू तांबडे मोजेच घातलेत.

महानंदा तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "नागूबाई, जुनी विहीर तुमीच खणली व्हती?"

"व्हय की. माझा मालक व्हता तवा जित्ता. पाट्या मी उचलायचे. पोटात हा धाकला."

"तिच्या तळाला माती कोणत्या रंगाची व्हती?"

नागूबाईनं मान वळवून पोरीकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत कोणा मालकाच्या पोरीनं तिला मातीचा रंग विचारला नव्हता.

"पांढरी," ती म्हणाली. "वरून सतरा-अठरा हात हा तांबडा दगड. तो कसा, भोकाभोकाचा, मधाच्या पोळ्यावानी. त्यातून पाणी उतरतंय. खाली पांढरी चिकण माती लागली की पाणी थांबतंय. तिथं हातभर पाणी व्हतं, बाई. गोड. दोन म्हैने सारा मळा भिजवला त्यानं."

"मग पळालं कसं?"

"पळालं कुठं? फोडलं की. तुझ्या अप्पाचं लगीन ठरलं. वऱ्हाड येणार, पाणी जास्त पायजे म्हणून तुझा अज्जा म्हणला, आजून चार हात खोल घ्या. आमी घेतलं. पांढरी सरली, खाली करडा भुसभुशीत मुरूम लागला आन् रातीतून पाणी खाली गेलं. झालं."

महानंदानं मनात हिशेब मांडला. लग्न ठरलं, म्हणून खोल खणलं. खोल खणलं, म्हणून पाणी गेलं. आणि वरात दारात आली तेव्हा विहीर कोरडी होती.

"पाणी कशानं गेलं हे मागनं तुमी कुणाला सांगितलं न्हाई?"

"कुणाला सांगू? दुसऱ्या दिशी आमी रायचूरकडं गेलो कामाला. सतरा सालांनी आत्ता परत आलो."

तेवढ्यात खालून हाक आली आणि पाटी वर आली. ती पांढरी होती. लोण्यासारखी, ओली, चकाकणारी.

"लागली!" अज्जा ओरडला आणि सत्तरीचा माणूस धोतर सावरत काठाकडं धावला. "पहार आणा रं! इभूती आणा!"

त्या घरची रीत अशी की विहिरीचा शेवटचा घाव घालायच्या पहारीला घरच्या वडीलधाऱ्यानं विभूती लावायची, कपाळाला टेकवायची आणि मग ती दोरानं खाली सोडायची. पहार आली. तिला तीन बोटं विभूती लागली. लिंबाखालची मंडळी उठून काठावर आली. फक्त चंद्रम्मा चुलीपाशी राहिली, विहिरीकडं पाठ करून, हुग्गी ढवळत.

"आजून चार हात घ्या," अज्जानं खाली वाकून सांगितलं. "ह्या पांढरीच्या खाली लई पाणी आसतंय!"

"अज्जा, थांबा!"

महानंदाचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. पहार अज्जाच्या हातात अधांतरी राहिली.

"पांढरी फोडू नका. पाणी तिच्या खाली न्हाई, तिच्यावर हाय. ती फुटली की समदं जाईल. मागच्या खेपंला तेच झालं."

"मागच्या खेपंला काय झालं ते घरात समद्यांना ठावं हाय," शरणम्मा आत्या म्हणाली. "चांगल्या येळंला आडवी बोलू नगंस, पोरी."

"समद्यांना ठावं न्हाई, आत्या. मलाबी आत्तापर्यंत ठावं नव्हतं."

"वीरण्णा, तुझी पोरगी मॅट्रिक पास झालीय का मामलेदार?"

वीरण्णानं लेकीचा दंड धरला. "महानंदा, अज्जाच्या तोंडाला लागायलीस?"

"तोंडाला न्हाई लागायले, अप्पा. मला एक तांब्या पाणी द्या. एकच. मग तुमी म्हणाल ते."

काकांना काय वाटलं कोण जाणे. कदाचित रिकाम्या रकान्याची आठवण झाली असेल, कदाचित भावाची जिरवायची असेल. ते म्हणाले, "पाण्यानं काय नुकसान व्हतंय? द्या तिला तांब्या." आणि स्वतःच आणून दिला.

महानंदानं फुटका माठ शोधला. त्याच्या बुडाला मुठीएवढं भोक होतं. त्यावर तिनं पांढऱ्या मातीचा गोळा थापून जाड बूड केलं, वर तांबड्या दगडाची खडी भरली, गळ्यापर्यंत. हात, परकर, नाक, सगळं रंगलं. मग तो माठ दोन धोंड्यांवर ठेवून तिनं अज्जाला त्याच्या अगदी समोर उभं केलं.

"हा आपला मळा," ती म्हणाली आणि तांब्या ओतला. "हा पाऊस."

पाणी खडीत शिरलं, दिसेनासं झालं. सगळे वाकले. माठाखाली थेंब नाही.

"कुठं गेलं?" शेजारच्या मळ्यातला म्हातारा म्हणाला.

"हात घाला की."

अज्जानं खडीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, बोटांना गार पाणी लागलं तसा त्याचा चेहरा पोरासारखा झाला. "हाय की हितं!"

"आता अजून पाणी पायजे ना तुमाला? खणा खोल." महानंदानं खालून पांढऱ्या बुडात बोट खुपसलं. धार सुटली ती थेट अज्जाच्या पायांवर, कोऱ्या धोतराच्या काठावर. अज्जानं पुन्हा खडीत हात घातला. वरची खडी ओली होती, पण पाणी नव्हतं.

मग नागूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "फोडायच्या आधीच मी सांगितलं व्हतं मालकाला."

अज्जा तिच्याकडं वळला. "सांगितलं व्हतंस?"

"सांगितलं व्हतं. तुमी म्हणलात, इहीर कुणाची हाय, तुझी का माझी?"

"मी म्हणलो?"

"पान खात म्हणलात. पिंक टाकली आन् म्हणलात."

शेजारचा म्हातारा खो-खो हसायला लागला आणि त्याच्या मागून काका. पण अज्जा हसला नाही. तो ओल्या पायांकडं बघत होता. मग त्यानं हळूच मान वर केली आणि चुलीकडं पाहिलं. तिथं पाठमोरी चंद्रम्मा उभी होती. तिची पळी थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

महानंदाला वाटलं, आता अज्जा चिडणार. मडिवाळप्पाला चूक दाखवणारा माणूस अजून जन्मायचा होता, असं सगळं बीदर म्हणायचं. पण त्यानं हातातली पहार वीरण्णाकडं दिली, आणि भरल्या माणसांत, सुनेला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला:

"चंद्रव्वा. पाणी मी घालिवलं. तू न्हाई."

एवढंच. पण त्या घरात एवढं कोणी कधी बोललं नव्हतं. चंद्रम्मानं पदर सावरला. तो आधीच नीट होता. "हुग्गी करपंल," ती म्हणाली आणि पुन्हा ढवळायला लागली, इतक्या जोरात की गरम शिंतोडे तिच्या बांगड्यांवर उडाले.

शरणम्मा आत्याच्या हातातलं पान तसंच उघडं राहिलं होतं. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि उगाच मागितली असती तर कोणाचा विश्वासही बसला नसता. तिनं पान डब्यात ठेवलं, चुलीपाशी गेली, चंद्रम्माच्या हातातून पळी काढून घेतली.

"चल. बघ जा तुझी इहीर."

"नगं, अक्का. आता काय—"

"चल म्हणायले ना. मी ढवळते. न्हाई, ऱ्हाऊ दे, मीबी येते. करपली तर करपली." आणि जातीनं तिच्या कोपराला धरून काठापर्यंत आणलं. "सांबाळून. काठ ओला हाय."

चंद्रम्मा वाकली. आधी थोडीशी, मग पूर्ण. खाली नागूबाईचे मुलगे बाजूला सरकले आणि घोट्याएवढ्या पाण्यात आभाळाचा एक गोल तुकडा हलला, त्यात एका बाईचं डोकं. किती तरी वेळ ती तशीच वाकून राहिली. मग तिनं एक बारीक खडा उचलला आणि खाली टाकला. डुबुक. ती हसली. पुन्हा एक टाकला.

"अवो वैनी, आमच्या डोस्क्यात पडायलेत!" खालून आवाज आला, आणि मग मात्र सगळ्या मळ्यात हसण्याचा असा गदारोळ उठला की लिंबावरचे पोपट उडाले. आत्या हसता हसता खोकायला लागली. अज्जाही हसला, डोळे पुसत, आणि नागूबाईला म्हणाला, "मग आता काय करायचं? सांग. आता ऐकतो."

"खाली न्हाई जायचं," नागूबाई म्हणाली. "आडवं जायचं. पांढरीच्या वरती, तांबड्या दगडात चारी अंगांनी कोरायचं. जिकडून पाझर येतोय तिकडं जास्त. दोन म्हैन्यांत कंबरभर पाणी न्हाई झालं तर माझं नाव बदला."

"आडवं कोरा!" अज्जा खाली ओरडला, जणू ही कल्पना जन्मापासून त्याचीच होती.

*

हुग्गी खालून जराशी करपलीच. सगळ्यांनी दोनदा घेतली. नागूबाईला अज्जानं सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं, आणि ती मागं सरायला लागली तशी म्हणाला, "बस गं. मातीतलं तुला जास्त कळतंय." मातीवरून दोघांचं पुन्हा भांडण लागलं, पण ते आता गोड भांडण होतं.

महानंदा हात धुऊन आली तेव्हा काकांची पिशवी उघडी होती. अप्पा आणि काका जेवणाच्या सुस्तीत लिंबाला टेकून बसले होते आणि बादशहा विरुद्ध दवाखाना हा सामना पुन्हा रंगात आला होता. ती पिशवीपाशी बसली. मागं एक क्षण अव्वाकडं पाहिलं. अव्वा काठावर परत गेली होती, कोणाला न सांगता, एकटीच. पाण्यात बघत.

काकांचा टाक जड होता. महानंदानं तो दौतीत बुडवला.

"तर मग ठरवा," काका म्हणत होते. "गाडी सकाळी सहाची. मला रकाना भरायचाय."

"माझं ठरलंय. तारीख," वीरण्णा म्हणाला.

"आन् चंद्रवैनीचं काय म्हणणं?"

आजवर कोणी चंद्रम्माला असं विचारल्याचं महानंदाला आठवत नव्हतं. अव्वा काठावरून वळली. तिच्या हाताला अजून ओली माती होती. "मला काय कळतंय," ती नेहमीसारखं म्हणाली, मग थांबली. "तिलाच इचारा की. मगाशी तिचंच खरं निघालं."

"पोरांच्यात बसंल का ती?" वीरण्णा म्हणाला. "चाळीस पोरं आन् ही एकटी?"

"बसू दे," शरणम्मा आत्या पलीकडून म्हणाली. तोंडात पान होतं, तरी शब्द स्पष्ट होते. "पोरंच घाबरतील. आज अज्जा घाबरला तर पोरांचं काय घिऊन बसलास?"

वीरण्णानं बहिणीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, शेवटी बापाकडं. तिकडून मदत यायची शक्यता नव्हती. मडिवाळप्पा मुठीत पांढरी माती घेऊन जिभेला लावून बघत होता आणि तोंड वाकडं करत होता.

"बरं," वीरण्णा लेकीकडं वळला. "बोल. तुला काय शिकायचंय?"

महानंदा उठून उभी राहिली. परकरावर तांबडं, कोपरावर पांढरं, बोटांना निळी शाई. आई आणि बाप दोघंही आपल्याकडं बघताहेत याची तिनं खात्री करून घेतली.

"अप्पा, अव्वा, मी अर्ज़ियात शिकायला जाणार. पोरांच्यात बसून." तिनं फॉर्म दोन्ही हातांनी पुढं धरला. "फुंकर नका मारू, काका. शाई कवाच वाळलीय."